होरीचा वाटा

"तुजी होरी हाय का कुठं?"

घर भाड्यानं द्यायच्या आधी घरमालकानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, काय? तर म्हाताऱ्यानं तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्यानं विचारला, जशी काही मी बहिरी होते. शेजारी त्यांचा थोरला मुलगा उभा होता. तो ओशाळून म्हणाला, "होडीला होरी म्हणतात बाबा. तुमची होडी आहे का, असं विचारतायत."

मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी राहिलं तरी लोक देवाचे आभार मानतात. "नाही," म्हटलं.

"भावाची? बापाची? सासऱ्याची?"

"आमच्या अख्ख्या खानदानात कोणाची होडी नाही."

"मावरं खातेस?"

मुलानं पुन्हा समजावलं, मावरं म्हणजे मासळी. मी म्हटलं, आम्ही माळकरीही नाही आणि कोणी उपदेशही केलेला नाही, पण घरात कधी शिजली नाही, त्यामुळे वासही सोसत नाही. झालं, हेही घर गेलं, असं मनाशी धरून मी पर्स उचलली. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मुलाकडे वळून म्हणाले, "हिला दे खोली. वरची, जिन्याजवलची."

नवरा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पनवेलच्या जुन्या बाजारात डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे मी पेशंटचे नंबर पुकारायला बसायची. आवाज खणखणीत आणि स्वभाव तिखट, म्हणून डॉक्टरांना मी हवी होते. घरमालकांना मात्र नको होते. एकट्याच राहणार का, कोण कोण येणार, रात्री किती वाजता परतता, असल्या प्रश्नांनी माझं डोकं उठलं होतं. त्या सगळ्यांत हा एकच माणूस निघाला ज्याला माझ्या होडीची चौकशी करायची होती. वेडा असेल, पण निरुपद्रवी वेडा दिसतोय, असं म्हणून मी पनवेलजवळच्या करंजाड्यात राहायला गेले.

सगळे त्यांना नाखवा म्हणायचे, मीही म्हणू लागले. नाखवा म्हणजे होडीचा धनी. यांची होडी कुठंय, हे मला सामान वर चढवतानाच कळलं. इमारतीच्या खाली, पार्किंगमध्ये, जिथं आठ-दहा मोटरसायकली सहज लागल्या असत्या तिथं, ती आडवी पसरली होती. चांगली लांबलचक, काळी, बुडाखाली ओंडके लावलेली. तिचं टोक जिन्याच्या पहिल्या पायरीवर आलेलं. येताजाता प्रत्येकाला अंग चोरून जावं लागायचं, आणि अंगावरच्या कपड्यांना माशाच्या तेलाचा वास लागायचा, कारण नाखवा ते तेल तिला चोळायचे. पहिले आठ दिवस मी नाकाला पदर लावून जिना चढत होते.

करंजाड्यात तेव्हा पाण्याची बोंब होती. नळाला पाणी कमी, आणि टँकर आला की बायका कळशा घेऊन धावायच्या. अशाच एका सकाळी मी रिकामी बादली घेऊन खाली आले, तर नाखवा गुडघ्यापर्यंत लुंगी खोचून होडीवर पाणी ओततायत! एकामागून एक डबे. माझा संतापच झाला. म्हटलं, "नाखवा, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही लाकडाला आंघोळ घालताय? लाज नाही वाटत?"

नाखव्यांनी डब्यात बोट बुडवलं आणि माझ्यापुढे धरलं. "चाट."

"मी कशाला चाटू?"

"अगो बाय, चाट तर खरी."

चाटलं. खारट, मिठागरासारखं. ते खाडीचं पाणी होतं. नाखव्यांची एक भाची उरणकडून रोज टेम्पोनं मासळी घेऊन पनवेलच्या बाजाराला यायची. टोपल्यांच्या मागं तीच हे डबे भरून आणायची. होडी पाण्याबाहेर ठेवली की फळ्या वाळतात, आकसतात, सांधे उघडतात आणि मग ती कायमची मरते. रोज भिजवली तर जिवंत राहते. "आनि गोडं पानी नाय चालत तिला," नाखवा म्हणाले. "गोड्या पान्यानं कुजते. तुमच्या टँकरला कोन हात लावतो?"

मी खाली मान घालून वर गेले. दुसऱ्या दिवसापासून आमची बोलचाल सुरू झाली.

नाखव्यांचं बेट आता नाही. म्हणजे जमीन आहे, पण बेट नाही. बंदर आलं, खाडीत भराव पडला, बेट किनाऱ्याला जोडलं गेलं, आणि त्यावरची कोळ्यांची घरं उठवून पलीकडे वसाहतीत नेली. नाखव्यांना बायकोकडच्या मिठागराच्या जमिनीच्या बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला, त्यावर मुलानं बिल्डरकडून इमारत बांधून घेतली; काही फ्लॅट यांच्याकडे राहिले, बाकीचे बिल्डरनं विकले. सामान हलवायच्या दिवशी बेटावरचे सगळे लोक भरावावरून टेम्पोत बसून गेले. नाखवा एकटे होडीत बसले. ओहोटी होती, होडी चिखलात रुतली, तरी खाली उतरले नाहीत. भरती येईपर्यंत तसेच बसून राहिले आणि मग वल्हवत निघाले. मी विचारलं, कशाला हा अट्टहास? तर म्हणाले, "बेटावर कोनी चालत आला नव्हता. चालत कसा निंगू?"

पण होडी शेवटी इथं आली ती कंटेनरच्या ट्रेलरवरून. मुलगा बंदरात कामाला होता, त्यानं ट्रेलर मिळवला. पनवेलच्या नाक्यावर लोक थांबून बघत होते म्हणे, ट्रेलरवर होडी आणि होडीत सुकाणू धरून बसलेला म्हातारा. पोरगा केबिनमध्ये तोंड लपवून बसला होता.

बेटाचा इतिहास कुठं लिहिलेला नव्हता, तो त्या होडीत होता. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, नाखवाच सांगायचे. बेटावर नवी होडी बांधली की जुन्या होडीची एक फळी तिच्यात बसवायची, ही रीत. त्यामुळे नाखव्यांच्या होडीत त्यांच्या बापाच्या होडीची फळी होती, त्यात आज्याच्या होडीची, आणि अगदी आत, बसायच्या जागी एक काळीकुट्ट, हातभर लांब फळी होती, ती पहिल्या होडीची. बेटावर जी पहिली होडी लागली तिची. एकेका फळीवर हात ठेवून ते बोलायचे. ही शिडाच्या जमान्यातली, हिनं मीठ आणि गवत मुंबईला नेलं. ही लढाईच्या काळातली, तेव्हा खाडीत दिवा लावायला बंदी होती आणि लोक आवाजावरून जाळी शोधायचे. हिच्यावरून माझा चुलता गेला, तो परत आला नाही, होडी एकटीच आली.

आता, ते सगळंच खरं होतं असं मी म्हणणार नाही. पहिली होडी बेटावर कशी लागली याची गोष्ट दर वेळी बदलायची. कधी मूळपुरुष तुफानात वाहत आला, कधी किल्लेदाराशी भांडून पळून आला, आणि एकदा तर तो सासूच्या जाचाला कंटाळून आला होता. मी टोकलं, "नाखवा, परवा तर तुफान होतं." तर म्हणाले, "तुफान पन होता. सासू पन होती."

आणि त्यांचे ते वाटे. बेटावर मासळी किनाऱ्यावर आली की वाळूत तिचे सारखे ढीग घालायचे. माणशी एक, जाळ्याचा एक, आणि होडीचा एक. होडीलाही खलाशासारखा वाटा. मग एकानं सगळ्यांकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि पाठमोऱ्या माणसानं नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून लबाडी नाही आणि भांडण नाही. नाखवा इथंही तेच करत. दिवाळीला भाडेकरूंना फराळ द्यायचा तर गच्चीवर वर्तमानपत्रं अंथरून चकल्या-करंज्यांचे ढीग. आंब्याच्या दिवसांत आंब्यांचे. आम्ही सगळे खुळ्यासारखे भोवती उभे, आणि नाखवा भिंतीकडे तोंड करून आमची नावं पुकारतायत. शेवटचा ढीग नेहमी तोच. "हा कोणाचा?" "होरीचा!"

हा होडीचा वाटा दर वेळी माझ्या दारात येऊन पडायचा. मी म्हणायची, अहो मला एकटीला एवढं कशाला? ते म्हणायचे, "तुजा नाय. तू फकस्त राख." मग चार दिवसांनी भाचीबरोबर वसाहतीत पाठवून द्यायचे. बऱ्याच दिवसांनी मला कारण कळलं. बेटावर होडीचा वाटा सुकवून ठेवायचे. होडी फुटली, फळी बदलायची झाली की तो विकायचा. पण तो राखायचा कोणी? धन्यानं राखला तर खलाशांना संशय, खलाशानं राखला तर धन्याला. म्हणून तो बिनहोडीच्या घरात ठेवायचा, शक्यतो एकट्या बाईकडे. मी मासळीही खात नव्हते, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. मला खोली का मिळाली ते त्या दिवशी समजलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना, कारण नवरा गेल्यापासून माझ्यावर कोणी काही सोपवलं नव्हतं.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मीच त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशन होऊन डोळ्यावर पट्टी आली तेव्हा त्यांना एकच घोर, होडी वाळेल. मी म्हटलं, मी घालते पाणी. तेवढे दिवस मी कामावर जाण्याआधी साडी खोचून खाऱ्या पाण्याचे डबे ओतले. सोसायटीतल्या बायका बघून तोंड फिरवून हसायच्या, हसोत. संध्याकाळी आले की नाखव्यांचा पहिला प्रश्न, "ओली हाय?" "ओली आहे." मग चहा प्यायचे.

पट्टी सुटली त्या दिवशी रिक्षातून उतरून ते तडक होडीपाशी गेले. नातेवाईक आले होते, त्यांच्याकडे बघितलंही नाही. होडीच्या अंगावरून डोळे फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. इतके दिवस धूसर दिसत होती, आता सगळं लख्ख दिसत होतं, खालची किडलेली लाकडं, उघडलेले सांधे. "म्हातारी झाली," एवढंच म्हणाले. त्या दिवशी तेल चोळताना त्यांचा हात फार हळू चालत होता.

इमारतीत आता सगळे फ्लॅट भरले होते. गाड्या वाढल्या, पार्किंगवरून रोज कटकट. सेक्रेटरी म्हणून जे गृहस्थ होते ते वाईट नव्हते, पण त्यांना नियमांचा भारी सोस. त्यांनी मीटिंग लावली आणि होडी हलवायचा ठराव झाला. मी एकटीनं विरोधात हात वर केला, पण भाडेकरूच्या हाताला कोण विचारतो? थोरल्या मुलाची पंचाईत झाली होती. तो नाखव्यांना म्हणाला, "बाबा, वखारीवाला उचलून न्यायला तयार आहे. नाहीतरी आता ती पाण्यात जाणार आहे का?"

"वखारीत काय करतील तिचं?"

वखारीत लाकडाचं काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं.

नाखवा भांडतील, होडीत जाऊन बसतील, उपाशी राहतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. भाचीकडून वसाहतीत निरोप धाडला, आणि एका रविवारी सकाळी बेटावरची माणसं टेम्पो भरून करंजाड्यात आली. म्हाताऱ्या लुगडं नेसून आल्या होत्या. नाखव्यांनी होडीपुढे नारळ वाढवला, तिच्या पाया पडले, आणि स्वतःच्या हातानं पहार लावून पहिली फळी सोडवली. लाकूड असं करकरलं की गॅलरीतून बघणारी सोसायटीची माणसंही आत गेली.

दुपारपर्यंत होडी मोकळी झाली. फळ्यांचे ढीग पार्किंगभर मांडले. नाखवा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मला म्हणाले, "बाय, तू दाखव. तुजा यात कोनी नाय."

मी एका ढिगावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"वराखालच्या घराचा."

बेटावर एक वड होता, त्याच्याखालचं घर. ते घर पाडून किती वर्षं झाली होती! पण गर्दीतून एक म्हातारा पुढं आला आणि ढीग उचलून बाजूला झाला.

"हा कोणाचा?"

"विहिरीकरच्या घराचा."

"हा?"

"देवलामागच्या घराचा."

असं करत नाखव्यांनी अख्खं बेट पुकारलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घर न् घर, जसं त्यांना त्या भिंतीत सगळं दिसत होतं. कोणी रडत नव्हतं. नाव आलं की माणूस पुढं येत होता. माझाच आवाज फुटायला लागला. दिवसभर नंबर पुकारणारी मी, पण त्या दिवशी "हा कोणाचा" एवढे दोन शब्द मला जड झाले.

शेवटी एक फळी उरली. हातभर लांब, काळी.

"हा कोणाचा?"

नाखव्यांची मान खाली गेली. त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बेटावरच्यांपैकी होडी बांधणारं आता कोण होतं? पोरं बंदरात, गोदामात, ट्रेलरवर. सगळे जमिनीकडे बघत होते. मग नाखव्यांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "होरीचा!"

आणि वळून ती फळी त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी काय करू हिचं?"

"भिजव. कोनी होरी बांधली तर मागायला येल."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"तरी भिजव."

नाखव्यांच्या वाट्याला काही आलं नाही. त्यांनी स्वतःचा ढीगच घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी होडीच्या जागी दोन मोटारी लागल्या.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. पावसाळा संपता संपता अंथरुणाला खिळले. मी कामावरून आले की खाली डोकावायची. बोलणं कमी होत गेलं, शेवटी शेवटी मुलाला ओळखत नव्हते, पण मी दिसले की ओठ हलायचे. "ओली हाय?"

"ओली आहे, नाखवा."

मी ती फळी गॅलरीत घमेल्यात ठेवली होती. भाची डबा आणून देत होती, मी ओतत होते. एकदाही खंड पडू दिला नाही. त्या माणसाशी शेवटी शेवटी खोटं बोलावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे. ते गेले त्या सकाळीही मी आधी फळीवर पाणी घातलं आणि मग खाली गेले.

पुढं काय? काही नाही. वर्षं गेली. विमानतळासाठी लांबची टेकडी फोडायला लागले, रस्ते रुंद झाले, पनवेल ओळखू येईनासं झालं. नाखव्यांच्या मुलानं माझं भाडं वाढवलं नाही की मला उठवलं नाही. मी घमेल्यात पाणी ओतत राहिले. कधीकधी वाटायचं, बाई, तूही त्या म्हाताऱ्यासारखीच झालीस. वाटू दे.

मग एके दिवशी भाची डबा न घेताच आली. दारात चप्पल काढली, एरवी कधी काढत नसे. म्हणाली, "ताई, फली पायजे."

तिच्या मुलानं आणि त्याच्या दोन मित्रांनी होडी घेतली होती. लहानशी, फायबरची. मी म्हटलं, "अगं, फायबरच्या होडीत फळी कुठं बसवणार?"

"दोन्ही बाजूंवर आरवी टाकू बसायला. नाखवा पन तिच्यावरच बसायचा."

मी फळी पदरानं पुसली, मग लक्षात आलं की पुसायची नाही, ओलीच द्यायची. तशीच तिच्या हातात ठेवली. ती गेल्यावर गॅलरी मोकळी मोकळी दिसायला लागली. संध्याकाळी सवयीनं मी घमेल्याशी जाऊन उभी राहिले आणि खूप रडले. नाखव्यांना सांगायला हवं होतं. सांगायला ते नव्हते.

थंडी सुरू झाल्यावर भाची पुन्हा आली. हातात गोणपाटाची पिशवी, आणि वास तर जिन्यातूनच वर आला होता. सुके बोंबील. पिशवी दारात ठेवून ती मला म्हणाली, "ऊन दाखवत जावा, ताई. आनि कोनाला देव नका. खायचं नाय हां हे."

"मला काय सांगतेस? मी कुठं खाते?"

"म्हनून तर आनले."

गच्चीवर दोरी बांधून मी ते बोंबील वाळत घातले. पहिल्यांदा नाकाला पदर लावला, मग सवय झाली. दोन दिवसांत सोसायटीत बोंब झाली. सेक्रेटरी रुमाल नाकाला लावून गच्चीवर आले. आता त्यांचंही वय झालंय. दोरीकडे बोट दाखवून ओरडले, "काय घाण आहे ही! हा माल कोणाचा?"

मी पटकन भिंतीकडे तोंड केलं, त्यांच्याकडे पाठ केली, आणि पेशंटचा नंबर पुकारते त्याच आवाजात म्हटलं, "होरीचा!"